गाडी उंच आहे

दीदींच्या घरात पहिल्या दिवशी मी दाढी केली ती गुडघ्यांवर बसून. न्हाणीघरातला आरसा अशा उंचीला ठोकला होता की उभं राहिलं तर मला फक्त माझ्या शर्टाची बटणं दिसायची. बेसिन मांडीला लागायचं. दिव्याची बटणं कमरेशी. स्वयंपाकाचा ओटा इतका खाली, की चहा करायचा तर पाठ मोडून उभं राहावं लागे. मी सहा फुटांच्या वर आहे. यवतमाळहून बदली होऊन जबलपूरला आलो, तेव्हा मदन महल भागात एका बाईंकडे वरची खोली रिकामी आहे असं ऑफिसातल्या एकानं सांगितलं. खोली बघायला गेलो, तर दारात उभ्या असलेल्या दीदींनी मला चपलांपासून वर बघायला सुरुवात केली. चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना थोडा वेळ लागला.

"खोली देते," त्या म्हणाल्या. "पण पहिलेच सांगून ठेवते, हे घर माझ्या मापाचं आहे. आरसा वर करा, ओटा वाढवून द्या, असं म्हणायचं नाही. मी जन्मभर तुमच्या मापाच्या दुनियेत टाचा उचलून राहिली. आता काही दिवस तुम्ही माझ्या मापात वाकून राहा."

मी राहिलो. चांगली काही वर्षं राहिलो. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

त्यांना सगळेच दीदी म्हणायचे. त्यांच्याहून वडील असलेला भाजीवाला, शेजारचे आजोबा, पोस्टमन, सगळे. उंची चार फूट नऊ इंच. "म्हणजे पाचच्या आसपास," असं कोणी सौजन्यानं म्हटलं तर त्यांना राग येई. "आसपास नाही. चार फूट नऊ. मी काही उधार मागून नाही राहिली." घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात; मराठी ती घरातली, आणि तीही अर्ध्या वाटेवर हिंदीच्या गाडीत बसणारी. लग्न केलं नव्हतं. नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, नकाशे काढायच्या विभागात. हुद्द्याचं नाव ड्राफ्ट्समन. त्यातला 'मॅन' बदलून घ्यावा असं त्यांना कधी वाटलं नाही. "पाटीवर काही लिहो. रेघ माझीच सरळ येते."

पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण स्टीलची टेप असायचीच. कुठंही गेलं की ती बाहेर निघे. बसची पायरी, देवळाचा उंबरठा, दवाखान्यातलं तपासायचं टेबल. माप घ्यायचं, मान हलवायची, आणि टेप परत पर्समध्ये टाकायची. एकदा मी विचारलं, "मोजून काय करता?"

"काही नाही. माहीत असावं, की चूक कोणाची आहे."

वीजबिलाच्या कचेरीतली खिडकी फार उंच होती. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाकीची बुटकी माणसं चवड्यांवर उभी राहून कागद वर सरकवत. दीदी नीट टाचा टेकवून उभ्या राहिल्या आणि खिडकीच्या खालून बोलायला लागल्या. आतल्या माणसाला आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. तो म्हणाला, "दीदी, ज़रा ऊपर होइए न."

"भैया, मैं जितनी हूँ, उतनी ही हूँ. आप बाहर आ जाइए."

तो आला. हसत आला, पण आला. पुढच्या खेपेला तिथं लाकडी पायरी ठेवलेली होती. मला वाटलं दीदी खूश होतील. त्यांनी पायरीकडे पाहिलं, टेप काढून खिडकी मोजली, आणि म्हणाल्या, "पायरी ठेवली ते चांगलं केलं. पण खिडकी खाली घेतली असती तर पायरी लागली नसती." आणि पायरीवर न चढता पुन्हा खालूनच बोलायला सुरुवात केली.

कारखाना घरापासून लांब. आधी वडील स्कूटरवर सोडत, मग मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि ते रेल्वेच्या नोकरीपायी इकडेतिकडे फिरायला लागल्यावर त्याच विभागातले एक शेजारी. या शेजाऱ्यांना दीदी भाऊजी म्हणत. साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे टाकून, वर्षानुवर्षं त्या कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून गेल्या. भाऊजी निवृत्त झाले त्या आठवड्यात दीदी मला म्हणाल्या, "तुला एक सांगू? मला या शहराची डावीच बाजू माहीत आहे."

मला कळलं नाही.

"अरे, एका बाजूला पाय टाकून बसलं की तोंड डावीकडं. जाताना डावीकडची दुकानं, येताना त्या रस्त्याची दुसरी डावी. समोर पाहावं तर पाठ. बाबांची पाठ, दादाची पाठ, भाऊजींची पाठ. इतक्या पाठी पाहिल्या मी. आता समोरचा रस्ता पाहायचा आहे. मोटरसायकल घेऊन राहिली मी."

"स्कूटी म्हणता का?"

"स्कूटी म्हणायचं असतं तर स्कूटी म्हटलं असतं ना."

स्कूटीवर त्यांचा राग नव्हता. कारखान्यातल्या किती तरी बायका स्कूटीवर येत. पण दीदींना गिअरची गाडी हवी होती, मोठ्या चाकांची, दोन्ही गुडघ्यांमध्ये टाकी धरून चालवायची. "स्कूटीवर पाय जोडून बसावं लागतं. जशी पाहुणी म्हणून आली मी कोणाकडं."

त्यांनी आपल्या खोलीत जाऊन दार लावलं, भिंतीला पाठ लावून पायाचं माप घेतलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "पाय सहासष्ट सेंटिमीटर. आता गाडी पाहू."

त्या आठवड्यातच दादा आले. दादा निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. वडिलांसारखे उंच, ताठ, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहायची सवय असलेले. ते नवी कोरी स्कूटी चालवत आले, हँडलला लाल रिबन बांधलेली. बहिणीसाठी भेट. दीदींनी चहा केला, शेव काढली, गाडीला फेरी मारून रंगाची तारीफ केली. मग म्हणाल्या, "वहिनीला छान दिसेल. घेऊन जा."

"अगं, तुझे पाय नाही पोचणार मोटरसायकलवर. आखूड आहेत."

"माझे पाय आखूड नाहीत, दादा. उभी राहिली की दोन्ही जमिनीला बरोबर पोचतात. गाडी उंच आहे."

दादा रिबनसकट परत गेले.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी एक शोरूम, कधी दोन. प्रत्येक ठिकाणी विक्रेता माझ्याकडे बघून बोले. "सर, माइलेज कितना चाहिए?" मी मान खाली करून दीदींकडे बघे. मग त्याची नजर खाली यायची आणि चेहऱ्यावर एक काळजीचं हसू. "मैडम के लिए? मैडम, ये ऊँची पड़ेगी. उधर स्कूटी है, दिखाऊँ?"

"भैया, मैंने पूछा क्या?"

टेप निघायची. जमिनीपासून सीटपर्यंतचं माप. पण नुसत्या उंचीवर त्या थांबत नसत. सीट पुढच्या बाजूला किती रुंद, हेही मोजत. कारण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय खाली जायच्याऐवजी बाहेर जातात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर रेघा मारून मला समजावलं होतं. नोकरीत हेच केलेलं. डोळ्यांसमोर त्यांना सगळं छेद घेतल्यासारखं दिसे.

बऱ्याच गाड्यांवर त्या चढल्या. चढल्या हाच शब्द बरोबर आहे. स्टँडवर लावलेल्या गाडीच्या डाव्या पायदाणीवर पाय ठेवून घोड्यावर बसावं तसं बसायचं. वर बसल्यावर दोन्ही पाय हवेत. शोरूममधले लोक काम सोडून बघत. दीदी शांतपणे हँडल धरून समोरच्या काचेतून बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहायच्या, आणि मग म्हणायच्या, "ही नाही."

एका ठिकाणी विक्रेत्यानं हुशारी केली. बुटक्या लोकांसाठी खास म्हणून एक लांबलचक, बसक्या सीटची, भारी वजनाची गाडी दाखवली. दीदी बसल्या, आणि काय सांगू, चवडे चक्क जमिनीला लागले. विक्रेता खूश, मी खूश. दीदी पाय उचलून पायदाणीवर ठेवायला गेल्या, तर पायदाणी लांब पुढे. ब्रेकवर पाय ठेवायचा तर पाय सरळ ताणून कमरेतून सरकावं लागत होतं, आणि तसं सरकलं की हँडल हातातून सुटत होतं.

"मैडम, पैर तो टिक रहे हैं न," विक्रेता म्हणाला.

"ज़मीन पर टिक रहे हैं. ब्रेक पर नहीं टिक रहे. गाड़ी खड़ी रखने के लिए लूँ या चलाने के लिए?"

तिथून बाहेर पडल्यावर त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. काही तरी गवसल्यासारखा चेहरा होता.

"आपण चूक करून राहिलो," त्या म्हणाल्या. "सगळे एकच पाहतात, पाय टेकतात का, पाय टेकतात का. आता तू सांग, चालवताना पाय कुठं असतात?"

"वर."

"मग? टेकतात कधी? थांबल्यावर. आणि थांबल्यावर दोन कशाला पाहिजेत, एक पुरतो. म्हणजे मला पाय टेकतील अशी गाडी नाही पाहिजे. मला चालवता येईल अशी पाहिजे. थांबायचं कसं ते शिकून घेईन मी."

त्यानंतर शोध सोपा झाला. हलकी हवी, सडपातळ हवी, हात-पाय चालवताना जागेवर पडायला हवेत. शोरूममध्ये तशी मिळेना. मिळाली ती शहराबाहेर, पाटन गावात. तिथल्या एका म्हाताऱ्या धान्य व्यापाऱ्याकडे जुनी, कमी ताकदीची, पण जिवापाड जपलेली एक मोटरसायकल विकायची होती. मुलानं कार घेतली होती. आम्ही बसनं गेलो. शेठजींनी गाडी पुसून अंगणात लावून ठेवली होती. त्यांनी मला विचारलं, "बेटा, तुम चलाओगे?"

"चलाऊँगी. मैं," दीदी म्हणाल्या.

शेठजींनी आधी गाडीकडे पाहिलं, मग दीदींकडे. मग म्हणाले, "बहनजी, बुरा मत मानना. मेरे दरवाज़े से गई गाड़ी है. आप गिर गईं तो मेरे मन में खटका रहेगा." माणूस खरोखरच काळजीनं बोलत होता. टिंगल नव्हती. त्यामुळे उत्तर देणं कठीण होतं.

दीदींनी उत्तर दिलंच नाही. त्या गाडीजवळ गेल्या, ती मधल्या स्टँडवरून ढकलून खाली घेतली, हँडल धरून अंगणात एक चक्कर हातानं फिरवली, जागेवर आणली, आणि स्टँडच्या दांड्यावर डावा पाय ठेवून सगळं अंग त्याच्यावर टाकलं. गाडी आपसूक मागे सरकून स्टँडवर चढली. हे माझ्या ऑफिसातल्या धडधाकट पोरांनाही एका झटक्यात जमत नाही.

"इसमें कद नहीं लगता, सेठजी," त्या धापा न टाकता म्हणाल्या. "वज़न लगता है. वज़न भगवान ने बराबर दिया है."

शेठजी हसले, आणि गाडी दिली.

परत येताना मी चालवत होतो आणि दीदी मागे. त्या दिवशी त्यांनी सलवार-कुर्ता घातला होता आणि पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या होत्या. शहरात शिरल्यावर मागून आवाज आला, "अरे, ही शाळा इथं कधी झाली?"

"दीदी, जुनी दिसते."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि मग घर येईपर्यंत मान दोन्हीकडे फिरवून रस्ता बघत राहिल्या.

गाडीला आपल्या मापात आणायचे प्रयोग महिनाभर चालले. सीटवाल्याकडून गादीचा फोम तासून घेतला आणि पुढची बाजू निमुळती करून घेतली. मिस्त्रीनं सुचवलं म्हणून मागचे शॉकअपही खाली घेतले. आता दीदींचा डावा चवडा टेकायला लागला. पण पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं, आणि आपल्या जबलपुरात गल्ली तिथं गतिरोधक. दीदींनी त्याच दिवशी गाडी परत मिस्त्रीकडे नेली. "माझा पाय टेकावा म्हणून गाडी खाली घेतली, तर गाडीच टेकायला लागली. होती तशी कर."

दादांनी फोनवरून जाड तळव्याचे बूट सुचवले. चांगला बनवणारा आहे म्हणाले. दीदी म्हणाल्या, "गादी कापली, बस. माझ्या पायाला काही जोडायचं नाही. त्यात काही कमी नाही."

मग अंगणात बंद गाडीवर सराव. ब्रेक दाबायचा, गाडी थांबायच्या आत कंबर सीटवरून डावीकडे सरकवायची, डावा पाय सरळ खाली सोडायचा, उजवा ब्रेकवर तसाच. परत वर. परत खाली. शेजारच्या गच्चीवरून बायका बघायच्या. एकीनं विचारलं, "दीदी, ये कौन सा आसन है?" दीदी म्हणाल्या, "उतरासन." आणि सराव चालू ठेवला.

चालवायला मी शिकवलं असं म्हणायला हरकत नाही, पण मी फक्त सकाळी मैदानात मागे धावायचो. क्लच त्यांना दोन दिवसांत कळला. तोल तर पहिल्यापासून होता. गाडी सुरू झाली की दीदी वेगळ्याच दिसत. खांदे मोकळे, हनुवटी वर. अडचण एकच, थांबणं. आणि तिथंच झालं ते झालं. एका सकाळी थांबताना त्या नेहमीसारख्या डावीकडे सरकल्या, पाय खाली सोडला, आणि नेमका तिथं खड्डा. पायाला जमीनच सापडली नाही. गाडी आणि दीदी दोन्ही सावकाश, जणू विचार करून, आडव्या झाल्या. मनगट मोडलं.

दवाखान्यातून प्लास्टर घालून घरी आलो तर दादा आलेले. त्यांनी काही विचारलं नाही. टेबलावरची गाडीची चावी उचलली, शर्टाच्या खिशात टाकली, म्हणाले, "आता झालं तेवढं पुरे," आणि निघून गेले. दीदी पलंगावर बसल्या होत्या. त्या प्लास्टरकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं, कारण त्यांना पडताना मी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "ऑटो बोलाव. दादाकडं जायचं आहे."

दादा पोहे खात होते. वहिनींनी आमच्याही बश्या भरल्या. दीदींनी बशीला हात लावला नाही.

"दादा, चावी दे."

"हात बरा होऊ दे, मग बोलू."

"हात बरा होईलच. मागच्या महिन्यात वहिनी स्कूटीवरून पडली. तिची चावी घेतली होतीस?"

"तिची गोष्ट वेगळी आहे."

"काहून?"

दादांनी चमचा खाली ठेवला. "कारण तू एकटी आहेस. कुठं रस्त्यात पडून राहिलीस तर कोण उचलणार तुला?"

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उघड बोललं नसावं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. मी पोह्यांकडे बघत राहिलो.

"एकटी आहे म्हणून तर पाहिजे," दीदी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू मनात येईल तेव्हा निघतोस. मला पहिले बाबांनी नेलं, मग तू, मग भाऊजींनी. नेणाऱ्याच्या वेळेला मी तयार होऊन बसायची. नेणारा जिथं थांबेल तिथं उतरायची. मला कुठं जायचं आहे, हे कधी कोणी विचारलं का?"

"मग विचारतो ना आता. सांग, कुठं जायचं आहे तुला? मी नेतो."

"ते सांगायचं नसतं, दादा. गाडी घेऊन निघायचं असतं."

दादा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. तरी चावी दे."

दादा उठले नाहीत. वहिनी पुढे आल्या, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि चावी काढून दीदींच्या चांगल्या हातात ठेवली. "पोहे खाऊन घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. दादा आतल्या खोलीत गेले. त्यानंतर किती तरी महिने ते मदन महलला फिरकले नाहीत. दीदी दर रविवारी फोन करत. फोन वहिनी उचलत.

प्लास्टर निघालं, मनगट मोकळं झालं, आणि मैदान पुन्हा सुरू झालं. आता दीदी थांबायच्या आधी जमीन बघायला शिकल्या होत्या. खड्डा असला, उतार असला, खडी असली, तर थांबायच्याच नाहीत. आणखी एक वळसा घालून चांगली जागा शोधायच्या. पुढे त्यांची ही सवय मोहल्ल्यात प्रसिद्ध झाली. वाण्याच्या दुकानासमोर कोणी वेडीवाकडी गाडी लावली असली की दीदी समोरून निघून जात, चौकाला वळसा घालून परत येत, तरी जागा नसली तर पुन्हा वळसा. वाणी तोवर सामान बांधून ठेवी. कोणी हसलं तर म्हणत, "थांबायची घाई तुम्हाला आहे. मला नाही."

लायसन्सच्या परीक्षेला मी सुट्टी काढून गेलो. मैदानात चुन्यानं आठचा आकडा काढलेला. त्यावरून गाडी फिरवायची, पाय न टेकवता. रांगेत सगळी पोरं, आणि मध्ये हेल्मेट घातलेल्या दीदी. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांना बाजूला बोलावलं. बिचारे समजुतीनं बोलत होते. "दीदी, इसमें पैर नहीं पहुँचेंगे आपके. कल स्कूटी ले आइए, आराम से हो जाएगा."

"सर, नियम में लिखा है कि पैर पहुँचने चाहिए?"

"नहीं, लिखा तो नहीं है."

"क्या लिखा है?"

"कि पैर टिकना नहीं चाहिए."

"तो फिर," दीदी म्हणाल्या, आणि रांगेत परत जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्या आधीची पोरं गेली. लांब पायांची, जीन्स घातलेली. वळणावर गाडी जरा कलंडली की सवयीनं त्यांचा पाय खाली जाई. साहेब हात दाखवून थांबवत. एकामागून एक तिघं-चौघं तसे बाद झाले. दीदींची पाळी आली. त्यांनी पायदाणीवरून चढून बसकण जमवली, क्लच सोडला, आणि त्या चुन्याच्या रेघेवर गाडी अशी घातली जशी कागदावर पेन्सिल. कारखान्यात आयुष्यभर रेघा काढलेला हात होता तो. पाय खाली जायचा प्रश्नच नव्हता. ज्यांचे पोचत होते त्यांना टेकवायचा मोह होता. दीदींना पहिल्या दिवसापासून ती सोयच नव्हती, म्हणून त्या तोलावरच शिकल्या होत्या. आठ पुरा झाला. साहेबांसमोर येऊन त्या डावीकडे सरकल्या, पाय टेकवला, आणि हेल्मेटची काच वर केली.

साहेब म्हणाले, "दीदी, एक बार और करके दिखाएँगी? ये लड़के देख लें."

दीदी म्हणाल्या, "नहीं. मुझे जाना है."

कुठं जायचं होतं ते मलाही सांगितलं नाही. मला मैदानाच्या फाटकाशीच सोडून निघून गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा चेहरा उन्हानं लाल, केसांत धूळ, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत ताजी मासळी. मी विचारलं, "कुठं गेल्या होत्या?"

"बरगीला. धरणावर."

"काही काम होतं?"

"काहीच नाही," दीदी म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी असे उच्चारले, की मी आजवर कोणाला इतकं समाधानानं काही सांगताना ऐकलेलं नाही.

नंतर तर विचारणंच सोडून दिलं. रविवारी सकाळी फाटकाचा आवाज यायचा आणि गाडी सुरू व्हायची, एवढंच. कधी पेरू यायचे, कधी बोरं, कधी काहीच नाही. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी निरोपाला घरी सोडायला कार मागवली होती. दीदींनी हार कारमध्ये ठेवून तो घरी पाठवून दिला, आणि स्वतः मागून मोटरसायकलवर आल्या.

माझी बदली नागपूरला झाली त्या सुमाराची गोष्ट. दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली, मुलाची नोकरी बाहेरगावी, आणि वहिनींचा गुडघा धरलेला. दर चार दिवसांनी तपासायला जायचं होतं. ऑटोनं जातो म्हणून ते अडून बसले होते. दीदींनी एका सकाळी नेहमीचा फोन केला नाही. सरळ गाडी घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि हॉर्न वाजवला. दादा बाहेर येईपर्यंत वाजवत राहिल्या, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या.

मला हे दोघं दिसले ते चौकातल्या सिग्नलला. मी माझ्या गाडीवर मागच्या बाजूला होतो. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. पुढे दीदी, ताठ, समोर बघत. मागे काळा चष्मा लावलेले दादा, त्यांच्याहून डोकं-खांद्यांनी उंच, एक हात बहिणीच्या खांद्यावर. सिग्नल लाल झाला. गाडी हळू व्हायला लागली, तसे दादांनी आपले लांब पाय दोन्ही बाजूंना खाली सोडले. बूट रस्त्यावर खर्र खर्र घासायला लागले आणि गाडी डुलली.

दीदींनी मान वळवली नाही.

"दादा, पाय वर घे," त्या म्हणाल्या. "थांबवायचं काम माझं आहे."

दादांनी पाय उचलून पायदाणीवर ठेवले. दीदी डावीकडे सरकल्या, पाय सरळ खाली सोडला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.